भुंडा कोंबडा, हिरवी अंडी

माझी मावशी थापा मारते, असं आमच्या माहेरी सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ती लहान वयात विधवा झालेली. खामगावला एका गोऱ्या मडमेच्या बंगल्यावर आयाचं काम करायची आणि अधूनमधून संग्रामपूरकडच्या आमच्या गावी यायची. आली की ओसरीवर अख्खी गल्ली जमायची. मडम कुत्र्याला साबण लावून आंघोळ घालते. मडम उभ्यानं जेवते. मडमेच्या कोंबड्यांना शेपटी नाही आणि त्या हिरवी अंडी घालतात. कुत्र्याच्या साबणापर्यंत लोक मान डोलवायचे, हिरव्या अंड्यांना मात्र सगळे पोट धरून हसायचे. माझी आई म्हणायची की बहिणीनं बंगल्यावर राहून कामापेक्षा गोष्टीच जास्त शिकल्या.

मग माझं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळसणाला मी माहेरी आले, तर मावशी बांबूची टोपली घेऊन हजर. टोपलीवर फडकं बांधलेलं. आत एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, आणि तिच्याच वयाचा एक कोंबडा. खरंच दोघांना शेपटी नव्हती. मागून पाहिलं तर चेंडूसारखी गोल. मावशी म्हणाली, मडमेनं हौसेनं परदेशातून आणलेल्या कोंबड्यांची ही पिल्लं आहेत, मी मागून घेतली, सासरी ने, तुझी म्हणून राहतील. हिरव्या अंड्यांचं तिनं पुन्हा सांगितलं. मी हो हो केलं. नवी लुगडी, करंज्यांचा डबा आणि ती टोपली अशी मी न्यायला आलेल्या नवऱ्याबरोबर बैलगाडीत बसले.

आमचे हे स्वभावानं गरीब, पण त्या दिवशी पूर्णा नदी ओलांडेपर्यंत टोपलीकडे वळून वळून पाहत राहिले. गावाजवळ आल्यावर हळूच म्हणाले, टोपली तुझ्या पायाशी पदराखाली ठेव. सासऱ्यानं दिवाळीला जावयाला कोंबड्या दिल्या म्हणून दोस्त मंडळी वर्षभर छळतील. मी ठेवली पदराखाली. पण वेशीतून गाडी आत शिरते न शिरते तोच कोंबड्यानं अशी बांग दिली की देवळाच्या पारावरचे सगळे वळून पाहू लागले.

माझं सासर नांदुऱ्याच्या अलीकडे. घरात आम्ही तिघंच, सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्याही विधवाच. ज्वारी, कपाशीची पऱ्हाटी, बैल, गडीमाणूस, सगळं त्यांनी एकटीनं सांभाळलेलं, त्यामुळे घरात शब्द त्यांचा चालायचा. वाईट नव्हत्या हं. पण मला त्या घरात काही विचारलं जात नव्हतं. भाजी कोणती, पीठ किती, दिवा कुठे ठेवायचा, सगळं ठरलेलं. मी पंधरा-सोळा वर्षांची, नव्या घरात पाहुण्यासारखी वावरायची, आणि माझं म्हणावं असं त्या अंगणात काय होतं, तर ती टोपलीतली जोडी.

आत्याबाईंनी फडकं सोडलं, दोघांना उचलून फिरवून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "शेपट्या कोनं उपटल्या व यांच्या?"

दुसऱ्या दिवसापासून गावात त्यांचं नाव भुंडा आणि भुंडी. पाणी भरायला गेलं की बाया विचारायच्या, भुंडीचं कसं आहे, जेवली का. शेजारच्या काकी तर मलाच कधीकधी भुंडीची माय म्हणायच्या. या काकी म्हणजे आमच्या कुडापलीकडच्या. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी काही झालं की चपला न घालता धावत येणाऱ्या. त्यांचं पुढे येईलच.

भुंडा मात्र रुबाबदार निघाला. तांबूस, मानेवर सोनेरी झाक, गालांवर पिसांचे झुपके, म्हातारा पाटील कल्ले ठेवतो ना तसे. हिवाळाभर मी त्या दोघांना ज्वारीची चाळण, भाकरीचा चुरा घालून वाढवलं.

आता मुख्य गोष्ट. माघातली अवस होती. पहाटे मी आत दळत होते आणि आत्याबाई बैलांचं पाहायला कोठ्यात गेल्या. आमच्या वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात. धाकटा बैल गव्हाणीकडे पाहत नुसता उभा, कडब्याला तोंड लावत नव्हता. त्यांनी कडबा बाजूला केला तर आत अंडं. हिरवं. अगदी पोपटी नाही, काचेच्या जुन्या बांगडीसारखं, निळ्याकडे झुकलेलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय घाबरायचं. पण आमच्याकडे अवसेला उतारा टाकतात. कुणावरून काही ओवाळून काढायचं असलं तर लिंबू, टाचणी, कुंकू, अंडं असं तिठ्यावर नेऊन ठेवतात. त्यातलं काही दुसऱ्याच्या कोठ्यात सापडलं की कुणीतरी वाईटावर आहे हे पक्कं. आणि हे तर रंगवलेलं अंडं. आत्याबाईंनी कुडावरून काकींना हाक मारली. काकी आल्या, पाहिलं, तीनदा थुंकल्या. मग दोघींनी त्याच्यावर मीठ-मिरची टाकली, चुलीपाशी येऊन माझ्याशी एक अक्षर न बोलता सांडशी उचलून नेली, त्या सांडशीत ते अंडं धरलं आणि वेशीबाहेर तिठ्यावर नेऊन फोडलं. परत आल्यावर दोघींनी पाय धुतले. सांडशी राखेनं घासली. मी दळतच होते. मला वाटलं, विंचूबिंचू निघाला असेल.

नेमका त्याच दिवशी दुपारी ह्यांना हिवताप चढला. दात वाजायला लागले. दोन गोधड्या टाकल्या तरी थंडी जाईना. हिवताप काही नवा नव्हता, दरवर्षी घरोघर यायचा, आणि गडीमाणूस नांदुऱ्याच्या दवाखान्यातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, पुड्या घेऊनही आला. पण आत्याबाईंच्या डोळ्यांपुढे ते अंडं. एकच मुलगा. त्या उठल्या, अंगणात गेल्या, सगळ्यात देखणा पक्षी म्हणून भुंड्याला धरलं, हळदीत भिजवलेला दोरा त्याच्या पायात बांधला आणि वेशीवरच्या मरीमायकडे तोंड करून बोलल्या की माझ्या पोराला उठव, आखाडीला हा कोंबडा तुझ्या पायाशी आणीन.

आखाडी म्हणजे आखाड महिन्यातली मरीमायची पूजा. पटकी, देवी असले आजार गावात येऊ नयेत म्हणून त्या दिवशी घरोघरचे कोंबडे तिच्या ओट्यापुढे कापले जातात आणि संध्याकाळी गावभर रश्श्याचा वास सुटतो.

ताप उतरला. कोयनेलनं उतरला की मायनं, ते आपण कशाला ठरवायचं. आत्याबाईंनी मायला नारळ फोडला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरला भेंड्या पाठवल्या.

आणि दोनतीन दिवसांनी मी कडबा काढायला कोठ्यात गेले तर भुंडी गव्हाणीत बसलेली. मी हाकलणार तोच ती उठली, मान ताणून कुकारली, आणि खाली ओलं, गरम, हिरवं अंडं. मी ते गालाला लावलं. मावशी खरं बोलत होती! मला हसू आणि रडू एकदमच आलं. अंडं ओंजळीत घेऊन मी धावत घरात आले, तर आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक. त्या मागे सरकल्या. मी सांगत होते, भुंडीनं घातलं, आत्ता घातलं, हात लावून पाहा गरम आहे. त्यांनी हात लावला नाही. बसल्या ओट्यावर. मग तोंड उघडलं आणि अवसेच्या दिवसाचं सगळं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी सांगितलं म्हणून त्यांनी मानलं असं समजू नका. पुढचे काही दिवस त्या आणि काकी कोठ्यात पोतं टाकून भुंडीसमोर बसून राहिल्या. कोंबडीही बाईसारखी लाजाळू, दोघी टक लावून बसल्यावर कशी घालणार? शेवटी एकदा घातलं. काकींनी ते उचललं, ओल्या फडक्यानं घासलं, रंग गेला नाही. फोडलं, आत साधाच पिवळा बलक. मग काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ज्या अंड्यावर आपण थुंकलो ते तळून खाल्लं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणाल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या भुंड्याच्या पायातल्या दोऱ्याकडे पाहत होत्या.

त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं, आणि मला वाटलं आता सुटलं. उतारा नव्हताच, मग नवस कशाचा? मी तसं बोलून दाखवलं. बाजारातून याच्याहून मोठा कोंबडा आणू, तो वाहू, असंही म्हटलं. त्या घरात मी पहिल्यांदाच काही मागत होते.

आत्याबाई म्हणाल्या, "पोरगं उठलं ना माह्यं? मग. तवा मायले दुसरा दाखोला नव्हता म्या, हाच दाखोला होता."

त्या कधी कुणाला दिलेला शब्द फिरवत नसत. गड्याला दिलेला नाही, व्यापाऱ्याला दिलेला नाही, तर मायला दिलेला कुठून फिरवतील.

तरी मी फार मनाला लावून घेतलं नाही तेव्हा. आखाडी लांब होती. वाटलं, मावशीकडून दुसरा नर मागू. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा मावशीही आली होती. ते लढाईचे दिवस. मावशी म्हणाली, मडम आपल्या देशी निघून गेली, बंगला बंद झाला. कोंबड्या कुणाकुणाला वाटल्या आणि ज्यानं त्यानं कापून खाल्ल्या. आता मावशीही माझ्या आईकडेच राहणार होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुझ्याकडे आहे ती एवढीच जोडी उरली. रंग टिकवायचा तर नर जप. नुसत्या कोंबडीवर नातींपर्यंत रंग पुसट होत जातो, असं मडम म्हणायची.

मी परतले ती धास्ती घेऊनच. आता एकच वाट होती. आखाडीच्या आत भुंडीच्या अंड्यांतून एक नर निघायला पाहिजे. भुंड्याला मायला देऊन टाकू, पण त्याचा मुलगा तरी अंगणात राहील.

भुंडी स्वतः खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसायचं नाव घेत नव्हती. आत्याबाईंची एक म्हातारी काळी कोंबडी मात्र त्याच सुमारास खुडूक झाली होती. पिसं फुगवून बसायची, उचललं तरी डोळे मिटलेलेच. पण वैशाख चाललेला. आमच्याकडच्या वैशाखात कुणी कोंबडी बसवत नाही. पत्रा तापतो, भिंती तापतात, रात्रीही वारा गरम, अंडी आतल्या आत सडतात. मी धीर करून आत्याबाईंना विचारलं, तुमची काळी मला द्याल का. त्या म्हणाल्या, वाया जाईल सगळं. मी म्हटलं, जाऊ द्या. मग त्यांनी बटईची अट घातली. बटई म्हणजे वाट्याचा व्यवहार, गावात बायका-बायकांत चालायचाच. एकीची कोंबडी, दुसरीची अंडी, जी पिल्लं जगतील ती अर्धी-अर्धी. सासूसुनेत बटई झाली हे कळल्यावर काकींनी गावभर सांगितलं.

जागा मात्र आत्याबाईंनीच शोधली. स्वयंपाकघराच्या मागे रांजण होता, त्याच्या खालची वाळू पाझरानं कायम ओली राहायची. त्या वाळूवर त्यांनी टोपलं ठेवलं, त्यात भुसा-कुटार, कुटारात कोळशाचा तुकडा आणि मोडक्या विळ्याचं पातं, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी बिघडू नयेत. मग एकेक अंडं स्वतःच्या हातानं काळीखाली सारलं. ज्या अंड्याला सांडशीनं धरलं होतं, ते आता उघड्या हातानं. दुपारच्या वेळी त्या तिथेच जमिनीवर पडायच्या आणि हातपंख्यानं स्वतःला वारा घ्यायच्या. पंखा वळायचा मात्र टोपल्याकडे. मध्येच काळीचा गळा खाजवायच्या, की ती डोळे मिटून घ्यायची.

आठवड्यानंतर आम्ही अंडी पाहिली. मुठीत धरून उन्हाच्या तिरिपेसमोर न्यायचं, आत लाल जाळं दिसलं तर जीव आहे. हिरव्या टरफलातून काही दिसता दिसेना. मी म्हणायची दिसतंय, त्या म्हणायच्या तुला दिसायला पाहिजे म्हणून दिसतंय. शेवटी तशीच ठेवली. बरीचशी सडलीच. तीन फुटली. तीन पिल्लं, त्यातली दोन भुंडी आणि एक शेपटीवालं, पिवळी-तांबडी, काळीच्या पोटाखालून तोंड काढणारी. एक घारीनं नेलं. माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडत राहिले आणि घार चिंचेवरून निघून गेली.

उरली दोन. एक माझं, एक आत्याबाईंचं. रोज सकाळी मी त्यांच्या तुऱ्याकडे बघायची. नराचा तुरा लवकर लाल होतो, पाय जाड होतात. आत्याबाईही बघायच्या, पण मी पाहत नसताना. ज्येष्ठ सरला, आखाड लागला. तुरे फिकेच. पाय बारीकच. एक दिवस त्यांनी दोन्ही पिल्लं उचलून नीट पाहिली, खाली सोडली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "दोनीबी तलंगाच हायेत, बाई." आणि आत गेल्या. त्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर त्यांनी माझ्या आवडीची अंबाडीची भाजी केली होती.

आखाडीचा दिवस उजाडला. मंगळवार. डफ वाजत होते. वेशीवरच्या निंबाखाली मरीमायचा ओटा, शेंदरानं माखलेला, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभाताचे द्रोण. बाया नटूनथटून आलेल्या. कोंबडे पायाला धरून लटकवलेले. आत्याबाईंनी भुंड्याला लटकवलं नाही, काखेत पदराखाली धरून आणलं. मी नैवेद्याचं ताट घेऊन त्यांच्या मागे. ह्यांनी निघताना मला म्हटलं होतं, तू घरी थांब, तुला पाहवणार नाही. पण मी गेले. माझं होतं ते शेवटपर्यंत माझ्या नजरेसमोर असावं, एवढंच.

आमच्याकडे कोंबडा असाच कापत नाहीत. आधी त्याला मायसमोर ठेवायचं, डोक्यावर आणि पाठीवर पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं, पिसं फडफडवून शहारला, की मायनं घेतला. मग सुरी. आता पाणी पडल्यावर कोणता पक्षी अंग झाडणार नाही? सगळेच झाडतात. म्हणून त्यात कुणाला काही वाटत नाही, दोन घटकांत रांग संपते.

आमची पाळी आली. आत्याबाई ओट्यापुढे उकिडव्या बसल्या, भुंड्याला दोन्ही गुडघ्यांमध्ये ठेवलं आणि डोईवरचा पदर पुढे ओढला. तो पदर त्याच्या पाठीवरून गेला. उजव्या हातात तांब्या. पाणी पडलं, सगळ्यांनी पाहिलं. मी मागून थोडी बाजूला उभी होते. पाणी त्याच्या पायांवर आणि जमिनीवर पडत होतं. डाव्या हातानं त्या पदराखालून त्याचा गळा खाजवत होत्या, रांजणापाशी काळीचा खाजवायच्या तसा. भुंड्यानं डोळे मिटले.

लोक थांबले. सुरीवाला म्हणाला, अजून टाका पाणी. टाकलं. भुंडा ढिम्म. डफवाल्यानं जोरात डफ बडवला, तरी नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, शेपटीच नाही तर झाडेल काय? हशा झाला. काकी पुढे सरसावल्या आणि दुसरा तांब्या आणू का विचारू लागल्या. आत्याबाईंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की काकी तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं. मला वाटतं त्यांना कळलं. आणि त्या फटकळ बाईनं पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

तिसऱ्यांदा पाणी घालून झाल्यावर आत्याबाई उठल्या. भुंडा हातावर. जमलेल्यांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "मायले याचा जीव नको. तिच्या नावानं मोकया सोडला म्या याले. आजपासून कोनी हात लावाचा नाही."

देवाच्या नावानं वळू सोडतात, कोंबडाही सोडतात, गावाला ते नवीन नव्हतं. सुरीवाल्यानं मान डोलवली आणि पुढचा कोंबडा मागितला. आत्याबाईंनी भुंड्याला जमिनीवर ठेवलं. तो दोन पावलं चालला, आणि मग काय आठवलं कुणास ठाऊक, त्यानं सगळं अंग असं झाडलं की पायांवरचा थेंब न् थेंब उडाला. पण तोवर सगळ्यांचे डोळे दुसरीकडे होते.

घरी येतानाही मी ताट घेऊन आत्याबाईंच्या मागे चालले. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पुढे कधीच नाही. घरी ह्यांनी चुलीवर पाहिलं तर वरण. ताप मला आला, कोयनेल मी खाल्लं, आणि आखाडीला गावात मी एकटाच वरण खाऊन राह्यलो, म्हणाले. पण हसत म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्या दिवसापासून भुंडा मायचा झाला. मायच्या कोंबड्याला हाकलत नाहीत, दगड मारत नाहीत. त्याला ते दोन दिवसांत समजलं. कुणाच्याही अंगणात जायचा, वाळत घातलेल्या डाळीत उभा राहायचा. काकींनी वड्या घातल्या होत्या, हा त्यांवरून चालत गेला. इतर कोंबड्यांना दिलेल्या ज्यांच्या शिव्या वेशीपर्यंत ऐकू जायच्या, त्या काकी हात जोडून म्हणाल्या, "सरका ना महाराज, लेकरानं खायाच्या हायेत." तो सरकला नाही.

आणि गावभरच्या कोंबड्या त्याच्या. दिवाळीच्या सुमारास घरोघर पिल्लं निघू लागली आणि त्यांतली कितीतरी भुंडी. बाप कोण, हे विचारायची कुणाला गरजच नव्हती. पुढल्या उन्हाळ्यात त्या पिल्लांच्या तलंगा झाल्या, अंड्यावर आल्या. आज हिच्या घरी हिरवं निघालं, उद्या तिच्या घरी. कुणाकडे गडद, कुणाकडे शेवाळी, कुणाकडे नुसती निळसर झाक. आपापल्या गावठी कोंबडीचं रक्त जसं, तसा रंग. पाणी भरायला जमलो की बाया पदरातून काढून एकमेकींना दाखवायच्या, लुगड्याचे काठ जुळवून पाहावे तसं. माझ्या तलंगेचं साधं हिरवं. आत्याबाईंच्या तलंगेचं मात्र आकाशी, आणि ते त्या मुद्दाम टोपलीत वर ठेवायच्या.

आता गावातल्या बाया मला विचारायला येऊ लागल्या. कोंबडी बसवू का, उन्हात ठेवू का, रांजणाखाली ओल किती पाहिजे. आत्याबाईंना कुणी विचारलं तर त्या चुलीकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, सुनेला विचार, तिचं आहे ते.

एकदा आम्ही दोघी नांदुऱ्याच्या बाजाराला गेलो. एक टोपली अंड्यांची, खाली कोंडा. स्टेशनच्या रस्त्याला पोतं पसरून बसलो. लोक जमले. एक दुकानदार पुढे आला, अंडं उचलून म्हणाला, "रंगवून आनले काय व बुढे?"

"घास," आत्याबाई म्हणाल्या. "हात हिरवा झाला तं सगई टोपली तुह्या घरी पोचवून देते."

त्यानं धोतराच्या सोग्यानं घासलं, थुंकी लावून घासलं. बघे हसायला लागले तसा तो अंडं ठेवून निघून गेला. मग गर्दीतून एक बाई पुढे आली. माझ्याच वयाची, मोताळ्याकडून पायी आलेली, पायांना धूळ. तिनं विचारलं की यांच्यातून पिल्लं निघतील का, तिच्याकडे एक खुडूक बसली आहे. सासरी नवीनच आहे, घरचे बसवू देतात की नाही माहीत नाही, पण न्यावीशी वाटतात.

आत्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, देऊ का म्हणून. मी मान डोलवली. त्यांनी वरची आकाशी अंडी बाजूला काढली, तिच्या ओच्यात आधी कोंडा घातला आणि एकेक करून मांडली. मोल घेतलं नाही. म्हणाल्या, "खायाले मागतली असती तं मोल घेतलं असतं. बसवाले नेऊन राह्यली, ने. अन् काय निघालं ते सांगाले येजो."

ती बाई दोन्ही हातांनी ओचा धरून उठली आणि गर्दीतून वाट काढत, कुणाचा धक्का लागू नये म्हणून खांदे पुढे घेऊन, सावकाश रस्त्याला लागली.